कागदावर एकच टिंब

माझं एक मत होतं आणि ते मी वीस वर्षं ठामपणे सांगत आलो: कागदावर अक्षर नीट उमटलं की आमचं काम संपलं. संगणकाच्या पोटात ते कुठल्या रूपात पडून आहे याच्याशी ना गिऱ्हाइकाला देणंघेणं, ना वाचकाला, ना मला. हे मत मी २०१७ च्या मे महिन्यात सोडलं. ते का सोडलं, हे लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. त्या मतापायी मी काही माणसांचं नुकसान केलं आहे आणि त्यातलं थोडंच मला भरून काढता आलं आहे.

माझा व्यवसाय डीटीपीचा, वाईत. वडील इथेच एका छापखान्यात कंपोझिटर होते. उजव्या हाताने खणातला खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये बसवायचा, असे ते दिवसभर उभे असायचे. शिशाचं अक्षर उलटं असतं. ओळ जुळली की वडील तिच्यावरून अंगठा फिरवायचे आणि चुकलेला खिळा त्यांना बोटाला कळायचा. फॉर्मा छापून झाला की खिळे धुऊन, सोडवून पुन्हा आपापल्या खणात जायचे. काल कीर्तनाच्या जाहिरातीत असलेला ‘क’ आज लग्नपत्रिकेत. मजकूर साठवून ठेवण्याची सोयच नव्हती, उरायचा तो कागद. म्हणून वडील प्रूफ तीन-तीनदा वाचायचे. कागदावर चूक राहिली तर ती कायमची राहिली, असं ते म्हणत. खिळ्यांच्या छपाईत हे शंभर टक्के खरं होतं. मी ते उचलून संगणकावर आणून बसवलं.

१९९६ मध्ये कर्ज काढून पहिला संगणक आणि लेझर प्रिंटर घेतला. बटर पेपरवर पान काढायचं, ते ऑफसेटवाल्याकडे पाठवायचं. धंदा चालला. मे महिन्याच्या सुट्टीत आळीतली पाच-सहा मुलं शिकायला यायची. त्यांच्यासाठी भिंतीवर हाताने काढलेला एक तक्ता होता. डावीकडे इनपुट: कीबोर्ड, माउस, स्कॅनर. उजवीकडे आउटपुट: मॉनिटर, प्रिंटर. मध्ये मोठ्या चौकटीत सीपीयू. आणि खाली, कोपऱ्यात, लहानशा चौकटीत स्टोरेज: फ्लॉपी, हार्ड डिस्क, पुढे सीडी. स्टोरेज म्हणजे काय हे मी असं सांगायचो, की ते कोठार आहे. ज्वारी ठेवली तर ज्वारीच निघते. मुलं मान डोलवायची. किती मुलांना मी हे शिकवलं असेल! ते चुकीचं होतं.

२००९ मध्ये साताऱ्याहून एक मुलगा ऑपरेटर म्हणून आला. हुशार, बोलायला मृदू. महिनाभरातच म्हणाला, “सर, नवीन पुस्तकं तरी युनिकोडमध्ये करू या.” मी त्याला तीन कारणं दिली. आपलं पानं लावायचं सॉफ्टवेअर युनिकोड देवनागरी ओळखत नाही, जोडाक्षरं विस्कटतात. छपाईला शोभतील असे फाँट नाहीत. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल होता, र. कृ. जोशींनी घडवलेला आणि पडद्यावर सुरेख दिसणारा, पण पुस्तकाच्या पानाला मला वेगळं वळण हवं होतं. तिसरं, तुझा-माझा दोघांचा हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला आहे. ही तिन्ही कारणं त्या वेळी खोटी नव्हती, हे मी आजही म्हणेन.

चौथं कारण मी त्याला सांगितलं नाही. चाळिशी उलटल्यावर अक्षरं पुन्हा शोधत बसायची मला भीती वाटत होती. बोटांचा वेग हीच माझी कमाई होती.

त्याने आमची एक फाइल उघडून त्यात ‘कृष्णा’ हा शब्द शोधून दाखवला. सापडला नाही. पान उघडं समोर होतं, त्यावर ‘कृष्णा’ चार वेळा होतं, आणि यंत्र म्हणत होतं, असा शब्द नाही. मी म्हणालो, “गिऱ्हाईक कागद नेतं, फाइल नेत नाही.” तो पुढे काही बोलला नाही. वर्षभराने दुसरीकडे गेला. त्या दिवशी मी त्याचं ऐकलं असतं तर पुढची आठ वर्षं वाचली असती.

आता मूळ गोष्ट.

मला शाळेत शिकवलेल्या एका गुरुजींनी निवृत्तीनंतर वाईच्या घाटांवर पुस्तक लिहिलं होतं. गंगापुरीपासून भीमकुंडापर्यंत, शिवाय मेणवलीचाही घाट. घाट कुणी बांधला, दगड कुठला, पुराचं पाणी कुठल्या साली कुठवर चढलं, आणि प्रत्येक घाटाला पायऱ्या किती. पायऱ्या त्यांनी स्वतः मोजलेल्या, उन्हाळ्यात पात्र आटल्यावर. २००४ मध्ये ते मी केलं, १८४ पानं, पाचशे प्रती. गुरुजी २०११ मध्ये गेले. प्रती केव्हाच संपल्या.

२०१७ मध्ये त्यांच्या नातीचा फोन आला. ती पुण्यात इतिहासात एम. ए. करत होती. लहानपणापासून तिची दृष्टी कमी होत गेलेली आणि आता पूर्ण गेलेली. आजोबांनी तिला पुस्तकातली काही प्रकरणं वाचून दाखवली होती, बाकीची राहिली होती. “काका, फाइल आहे का तुमच्याकडे?” होती. मी ती दोन सीडींवर ठेवली होती, वेगवेगळ्या कपाटांत, गुरुजींचं नाव घालून. दोन्ही चालल्या. तिरपी करून पाहिली तर एकीवरही ओरखडा नव्हता. इतका नीटनेटकेपणा दाखवायची संधी क्वचित मिळते, मी खुशीत फाइल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. “काका, यात मराठी नाहीये.” मी पीडीएफ पाठवली. तीच तऱ्हा. शेवटी शनिवारी ती लॅपटॉप घेऊन दुकानात आली.

तिने लॅपटॉप उघडला तर पडदा काळा. मी म्हणालो, “बंद पडलाय बाळ.” ती म्हणाली, “नाही काका, चालू आहे. पडदा मी बंदच ठेवते, बॅटरी वाचते.” माझ्या तक्त्यात उजवीकडे पहिलं नाव मॉनिटरचं होतं. इथे एक माणूस माझ्यापेक्षा वेगाने संगणक चालवत होतं आणि मॉनिटर त्यात कुठेच नव्हता. माउसला तिने हात लावला नाही. दोन्ही तर्जन्या ‘एफ’ आणि ‘जे’च्या कळांवर गेल्या. त्या कळांवर बारीक उंचवटे असतात. वीस वर्षं माझी बोटं त्यांवरून गेली होती, ते कुणाला किती लागतात याचा विचार मी केला नव्हता.

तिच्याकडे एनव्हीडीए नावाचं पडदावाचक सॉफ्टवेअर होतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी २००६ पासून ते उभं केलं आणि मोफत ठेवलं. तिने आधी मला मराठी विश्वकोशातली कृष्णा नदीची नोंद ऐकवली. आवाज यंत्राचा, कोरडा, पण शब्दन् शब्द कळत होता. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. म्हणजे कुणीतरी तो सगळा मजकूर पुन्हा संगणकाला कळेल अशा रूपात आणला होता, आमच्याच गावात सुरू झालेल्या कामातला. मग तिने गुरुजींचं पुस्तक लावलं.

इंग्रजी अक्षरं. स्वल्पविराम. डॉलर. पुन्हा इंग्रजी अक्षरं. एखादा तुटका आवाज. मी ऐकत उभा राहिलो. आणि मध्येच, अगदी स्वच्छ: “एकवीस.” पुन्हा तो गोंगाट, मग “चौतीस.” ती म्हणाली, “आकडे तेवढे कळतात. पायऱ्यांचे असतील ना?”

पायऱ्यांचेच होते.

मग तिने विचारलं, “काका, आजोबांचं पुस्तक तुमच्याकडे आहे, की त्याचं चित्र आहे?”

मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. पुढच्या काही महिन्यांत जे शिकलो त्यावरून आता देतो.

कीबोर्ड अक्षर पाठवत नाही. यूएसबी कीबोर्डवर ‘के’ची कळ दाबली तर तिथून निघतो १४ हा आकडा, म्हणजे फक्त कुठली कळ दाबली ती खूण. त्या खुणेचं काय करायचं हे संगणकातली मांडणी ठरवते. इनस्क्रिप्ट मांडणी निवडलेली असेल तर ती म्हणते, हा ‘क’. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५, जगभर हाच, दुसऱ्या कुठल्याही अक्षराचा नाही. तो आज बहुतेक फाइलींमध्ये तीन बाइट्स होऊन पडतो: २२४, १६४, १४९. हार्ड डिस्क असेल तर चुंबकत्वाच्या बारीक खुणा, सीडी असेल तर रंगाच्या थरात लेझरने उमटवलेले ठिपके. त्यांत अक्षराचा आकार कुठेच नसतो. आकार येतो शेवटी, पडद्यावर किंवा प्रिंटरवर, फाँट लागल्यावर. पडदावाचक त्या आकाराकडे बघतच नाही. तो आकडा उचलतो आणि त्याचा आवाज करतो.

आमच्या जुन्या फाँटांत निराळाच व्यवहार होता. एका बाइटमध्ये आकडे मावतात २५६, त्यातले अर्धे इंग्रजीसाठी आधीच ठरलेले. फाँट करणाऱ्यांनी याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. आमच्या फाँटात ‘क’ होता इंग्रजी छोट्या ‘डी’च्या जागी. डिस्कवर पडायचा आकडा १००, जगाच्या लेखी ‘डी’. वर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असायचा, एवढंच. तो विशिष्ट फाँट असेल तोवर ‘क’ दिसणार, नसेल तर ‘डी’. देवनागरी आकडे मात्र साध्या आकड्यांच्याच जागी बसवलेले होते, म्हणून तेवढे तिला ऐकू आले.

कोठारात ज्वारी ठेवली होती असं मी समजत होतो. ठेवलं होतं दुसरंच काही.

त्या काळी पर्याय नव्हता असं मी कधीकधी म्हणून बघतो. तेही पूर्ण खरं नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये ठरलेलं होतं. पुण्यात सी-डॅकचं जिस्ट कार्ड त्याच धर्तीवर काम करत होतं. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. पुणं वाईपासून किती लांब? मी चौकशी केली नाही, कारण बटर पेपरवर पान झकास येत होतं.

गुरुजींचं पुस्तक युनिकोडमध्ये आणायला मला पाच आठवडे लागले, रोज रात्री दोन-तीन तास. आधी जुन्या फाँटातल्या प्रत्येक जागेवर काय आहे त्याची वही केली. मग वाटलं, बदला आणि झालं. पण पहिली वेलांटी आडवी आली. टाइपरायटरच्या सवयीने आम्ही ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी टंकायचो, मग ‘क’, कारण डोळ्याला ती डावीकडे दिसते. उच्चारात आधी ‘क’ येतो, आणि युनिकोडमध्ये साठवणही तशीच होते: आधी ‘क’, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन दाखवायचं काम पडद्यावर उमटतानाचं. म्हणजे पुस्तकातली प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून पुढे ठेवायची. ‘स्थिती’मध्ये तर ती ‘स्’ आणि ‘थ’ दोघांना ओलांडून जाते. रफार उलटा, तो मागे आणायचा. ‘आर्थिक’ हा शब्द आमच्या फाइलीत होता असा: आ, वेलांटी, अर्धा थ, काना, रफार, क. तो करायचा आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. या एका शब्दाने मला मराठी लिपी जेवढी समजावली तेवढी पन्नास वर्षांत कुणी समजावली नव्हती. मी रोज हजारो अक्षरं टंकणारा माणूस, आणि अक्षर कशाचं बनतं हे मला ठाऊक नव्हतं.

‘पायऱ्या’ मात्र एकाही ठिकाणी सरळ आल्या नाहीत. सगळीकडे ‘पायर्या’. तो अर्धचंद्रासारखा र आपल्या मराठीचा खास, आणि पुस्तक घाटांवर. शेकडो वेळा हाताने दुरुस्त केलं. त्यातही कळलं की हा र युनिकोडमध्येही दोन वेगळ्या प्रकारे टंकता येतो. दोन्ही दिसायला सारखे, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. म्हणजे युनिकोड वापरलं की निर्धास्त झोपावं असंही नाही.

मग टिंबं. रूपांतर केल्यावर काही शब्दांवर ठिपक्यांचं एक पोकळ वर्तुळ दिसायला लागलं. एकूण एक्केचाळीस ठिकाणी. उलगडायला वेळ लागला. त्या प्रत्येक ठिकाणी अनुस्वार दोनदा टंकलेला होता. जुन्या फाँटात दुसरं टिंब बरोबर पहिल्यावर जाऊन बसायचं, कागदावर एकच दिसायचं. त्या पुस्तकाची प्रुफं तीनदा वाचली होती, एकदा स्वतः गुरुजींनी, आणि त्यांची नजर फार बारीक. कागदावर चूक नव्हतीच. चूक होती आत, तेरा वर्षं. कागद निर्दोष असला की काम निर्दोष, हे वडिलांकडून घेतलेलं प्रमाण त्या रात्री माझ्यापुरतं संपलं. वडिलांना ते खिळे बोटाला लागले असते, एवढं वाटून गेलं.

तिने पुस्तक चार दिवसांत ऐकून संपवलं आणि दोन ठिकाणी मला थांबवलं, एकदा एका घाटाच्या पायऱ्यांचा आकडा दोन पानांवर वेगवेगळा होता म्हणून. आम्ही दोघं घाटावर गेलो आणि मोजल्या. ती पायाने मोजत होती, मी डोळ्यांनी. दुसऱ्या पानावरचा आकडा बरोबर निघाला.

इनस्क्रिप्ट मला तिनेच शिकवलं. ही मांडणी १९८६ ची. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’ची कळ शिफ्टसकट दाबली की ‘ख’, ‘ग’ची दाबली की ‘घ’. कानडी, बंगाली, गुजराती, सगळ्यांचा ‘क’ त्याच कळेवर. त्या दोन उंचवट्यांवर इनस्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ येतात, माझ्या पाच आठवड्यांच्या दोन्ही छळवादी गोष्टी. तीन महिने हात अडखळला. जुना वेग पूर्ण परत आलेला नाही, आणि त्याचं मला आता वाईट वाटत नाही. तक्ता उतरवून नवा काढला, त्यात साठवणीची चौकट मध्यभागी आहे. मुलांना पहिल्या दिवशी ‘कि’ टंकायला लावतो आणि विचारतो, आधी काय साठवलं गेलं असेल?

जुन्या कामाचं मात्र अवघड आहे. कपाटात एकसष्ट फ्लॉप्या होत्या. एकीत जेमतेम १.४४ मेगाबाइट मावतात, पण अख्खं पुस्तक मावायचं. वाईच्या पावसाळी दमटपणात कित्येकींच्या आतल्या चकतीवर बुरशी धरली आहे. बावीस उघडल्या. त्यातल्या निम्म्यांमधला मजकूर ज्या पॅकेजमध्ये केला होता ते चालायला संगणकाच्या पाठीमागे एक कुलूप लावावं लागे, आम्ही त्याला डोंगल म्हणायचो. डोंगल मेलं, ते लावायचं पोर्टही आताच्या संगणकांना नाही. फाइली शाबूत आहेत, त्यांचा फाँट नाही.

त्यात १९९८ चा एका घराण्याचा कुलवृत्तांत आहे. पडदावाचकावर लावला की गोंगाट येतो आणि मध्ये मध्ये सालं: १८४२, १८९७, १९१८. माणसं जन्मलेली आणि गेलेली कळतात, नावं कळत नाहीत. मी त्या घराण्यातल्या चार जणांना फोन केले. गेल्या महिन्यात एका आजींकडे ट्रंकेत एक छापील प्रत निघाली. वाळवीने पहिली बत्तीस पानं खाल्लेली आहेत.

फाइलीत ती बत्तीस पानं आहेत. म्हणून तेहेतिसाव्या पानापासून छापील ओळ आणि फाइलीतली ओळ शेजारी ठेवून एकेका जागेवर कुठलं अक्षर होतं ते वहीत उतरवतो आहे. एकशे नव्वद जागा लागल्या, काही जोडाक्षरं अजून अडली आहेत. काल रात्री पहिलं पान उघडलं आणि मूळ पुरुषाचं नाव लागलं. आजींना सकाळी फोन करून ते वाचून दाखवलं.